तालमीतला मोबाईल

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातील एका मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये मी मराठी शिकवतो आणि दरवर्षी स्नेहसंमेलनासाठी व प्रतिभा कारंजी या सरकारी शालेय कलास्पर्धेसाठी मुलांचे नाटक बसवतो. दहावीच्या परीक्षेत नाटकाला गुण नाहीत, त्यामुळे शाळा सुटल्यानंतरचा तासभर आणि शनिवारची दुपार एवढाच वेळ आमच्या हाती असतो. एवढ्या थोड्या वेळात मोबाईल आणि ऑनलाइन साधने वापरावीत की नाहीत, यावरून आमच्या शिक्षकांत दोन तट आहेत. मी ती वापरावीत या बाजूचा आहे, परंतु कशासाठी वापरावीत याविषयी माझे मत अलीकडे पुष्कळ बदलले आहे, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

पूर्वी मी नाटक निवडले की त्याच्या प्रयोगाचा यूट्यूबवरील व्हिडिओ मुलांना दाखवीत असे. पाठांतर झपाट्याने होई आणि मलाही बरे वाटे. पण आठवड्याभरात मुले त्या नटाच्या सुरात बोलू लागत. घरी ‘काय करायलास?’ असे विचारणारा कणकुंबीकडचा मुलगा रंगमंचावर पुण्याच्या दिवाणखान्यातले मराठी बिनचूक बोले, मात्र त्या शब्दांशी त्याचे कसलेही नाते जाणवत नसे. हशा कोठे येतो हेही त्याने व्हिडिओतूनच उचललेले असे. आमच्या मांडवात त्या जागी हशा आला नाही की तो थबके आणि पुढचे वाक्य विसरे. हा दोष त्याचा नव्हता, नमुना म्हणून तो व्हिडिओ त्याच्यापुढे मी ठेवला होता.

पुढे २०२० साली शाळा बंद झाल्या तेव्हा मी व्हिडिओ कॉलवर तालीम घेण्याचा प्रयत्न केला. आवाज प्रत्येकाकडे थोडा मागेपुढे पोहोचत असल्याने सामूहिक संवाद एका ठेक्यात येणे शक्यच नव्हते. त्याहून मोठी अडचण विरामाची होती. आजीची भूमिका करणारी मुलगी पत्र वाचता वाचता थांबे, आणि त्या क्षणी समोरचा मुलगा ‘हॅलो, हॅलो, सर, आवाज गेला’ असे म्हणे. ती रडू लागली की तिचे हुंदके आम्हाला तुटक तुटक ऐकू येत, कारण कॉलमधली यंत्रणा बोलण्याखेरीज इतर आवाजांना गोंगाट समजून दाबून टाकते. पावसाळ्यात आमच्या पश्चिमेकडच्या गावांत नेटवर्कच टिकत नाही, ते वेगळेच. नाटक समोरासमोर उभे राहूनच बसते, हे मला त्या महिन्यांत पक्के कळले.

त्याच काळात एक गोष्ट मात्र हाती लागली. व्हिडिओ पाठवणे जमत नव्हते, पण व्हॉट्सॲपवरचा आवाजी संदेश आकाराने लहान असल्याने अशक्त नेटवर्कवरही रात्री-अपरात्री पोहोचत असे. मी मुलांना आपापले संवाद त्यातून पाठवायला सांगितले. नववीतल्या एका मुलीने गोठ्यात उभे राहून पाठवलेला संदेश माझ्याकडे अजून आहे. पत्र्यावर पाऊस वाजतो आहे, मागे म्हैस हंबरते आहे, आणि ती ‘मला कुठं जायचं न्हाई’ हे एकच वाक्य सहा वेळा म्हणते आहे. दुसऱ्या दिवशी तिचाच निरोप आला : ‘सर, मी शेवटचा शब्द खाते.’ वर्षभर मी तिला तेच सांगत होतो, पण स्वतःच्या कानांनी ऐकल्यावर तिने ती खोड चार दिवसांत काढली.

नाट्यशास्त्राने अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे चार प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी वाचिकाला, म्हणजे बोलण्यातून होणाऱ्या अभिनयाला, मोबाईलची खरी मदत होते असा माझा अनुभव आहे. आपला आवाज ऐकण्याची सोय पूर्वी खेड्यातल्या मुलाला सहसा नव्हती. आता मी प्रत्येकाला एका संवादाचे तीन प्रकारे ध्वनिमुद्रण करायला लावतो आणि नंतर वर्गात सगळे मिळून ऐकतो. ऐकताना वेग दुप्पट करायचा नाही, एवढा एक नियम आहे. वेग वाढवला की विराम नाहीसा होतो, आणि विराम ऐकण्यासाठी तर हा सगळा खटाटोप आहे.

गेल्या वर्षी आम्ही आणखी एक पाऊल पुढे गेलो. मुलांनी आपल्या आज्यांचे बोलणे, त्यांना विचारून, मोबाईलवर घेतले. त्यातून पेन्शनसाठी तालुक्याला निघालेल्या म्हातारीचे छोटे नाटक उभे राहिले. गुगल डॉक्सवर सर्वांनी मिळून लिहिताना बोलून टाइप करण्याची सोय वापरली, तर ‘पाऊस पडायलाय’ म्हटले की पडद्यावर भलतेच शब्द उमटत. शेवटी त्या यंत्राला बाजूला ठेवून मुलांनी आपले बोलणे कान देऊन ऐकले आणि हाताने उतरवून काढले. बसचा कंडक्टर ‘मुंद बर्री, मुंद बर्री’ (पुढे या, पुढे या) असे कन्नडमध्ये ओरडतो आणि म्हातारी त्याला मराठीत उत्तर देते, हा प्रसंग कोणत्याही तयार संहितेत मला मिळाला नसता. एआयकडून मुलांनी लिहवून आणलेल्या संहितांमधली घरेही अजून तरी आमच्याकडची नसतात. ‘शाकुंतल’ १८८० मध्ये पुण्यात रंगभूमीवर आणणारे अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. तरीही नाटकाचे मराठी आपल्या तोंडचे नसते, असा समज आमच्या मुलांच्या मनात खोल बसलेला आहे, आणि तो मला फार लागतो.

मोबाईल एक गोष्ट बिघडवतो, हेही सांगितले पाहिजे. तोंडापासून वीतभर अंतरावर बोलण्याची सवय लागली की शब्दफेक जाते. आमचे संमेलन मैदानावर, मांडवात होते आणि वर टांगलेल्या दोन माइकांवर भरवसा ठेवता येत नाही. म्हणून ध्वनिमुद्रण ऐकून झाले की मी मुलांना मैदानाच्या एका टोकाला उभे करतो आणि स्वतः कवठाच्या झाडाखाली जाऊन बसतो. तेथे ऐकू आले तरच तो संवाद बसला असे धरतो.

तालमीचे व्हिडिओ मात्र मी आता कोणालाच घेऊ देत नाही. एकदा एका मुलीचा रडण्याचा प्रसंग कोणीतरी स्टेटसला ठेवला, गावभर त्याची चेष्टा झाली आणि तिच्या घरच्यांनी तिला नाटकातून काढून घेतले. ती पुन्हा रंगमंचावर आली नाही. आवाजाची मुद्रणेही नाटक झाल्यावर मुलांसमोर पुसून टाकतो; आज्यांची तेवढी त्यांच्या परवानगीने ठेवली आहेत.

येत्या शनिवारी नव्या नाटकाचे पहिले वाचन आहे. पहिला तासभर सगळे मोबाईल ऑफिसच्या कपाटात राहतील, आणि नंतर दर चौघांत एक याप्रमाणे बाहेर येतील. निपाणी, चिकोडी, बेळगाव भागात कोणी शिक्षक असे काही करत असतील, तर त्यांनी आपला अनुभव जरूर कळवावा. विशेषतः मुलांचे पाठांतर आणि शब्दफेक एकाच वेळी कशी सांभाळता, हे मला जाणून घ्यायचे आहे.