पुण्याहून सोलापूरला येणाऱ्या पोरींसाठी काही सूचना

पोरींनो, शनिवार-रविवार घरी यायचं असेल तर आधी हे वाचा. मी न वाचता आले आणि भोगलं.

संध्याकाळची हुतात्मा एक्सप्रेस पकडा, आणि कुर्डुवाडी आली की बॅगेतली ओढणी काढा. संस्कृतीची हद्द तिथून सुरू होते. (पुण्यात तरी काय, घरमालक आधी आडनाव विचारतो मग नॉनव्हेज खाता का विचारतो, पण त्याला शिस्त म्हणायचं.)

गाडी रात्री दहाला पोचते, हा तुमचाच दोष.

स्टेशनवरून मित्राच्या गाडीवर अजिबात बसू नका. मी बसले. शाळेपासूनचा मित्र, त्यानं गेटवर सोडलं, दोन मिनिटं बोललो, आणि सकाळी बघते तर सोसायटीच्या ग्रुपवर शेजारच्या काकांनी टाकलेला आमचा पाठमोरा फोटो आणि खाली "हे काय पुणे-मुंबई आहे का? आपल्या सोलापूरला शोभतं का हे?" त्याखाली हात जोडलेल्यांची रांग. शिवाय खालच्या मजल्यावरच्या काकू आईला दूधवाल्यासमोर विचारतात, "कोण होता ओ तो पोरगा, आपल्यातला का?" आपल्यातला म्हणजे काय ते कळलंच असेल.

कुठलं सोलापूर ओ काका? आपल्या एका बोळात तेलुगू, कन्नड, उर्दू, मराठी चारही भाषांत भांडणं चालतात, गड्ड्याच्या जत्रेच्या गर्दीत सगळे एकमेकांचे धक्के खातात, तिथं कोण विचारतं आपल्यातला का म्हणून? डॉ. कोटणीस आमच्या सोलापूरचे म्हणून छाती फुगवता ना, त्यांनी १९४१ साली चीनमध्ये ग्वो चिंगलान नावाच्या नर्सशी लग्न केलं, ती आपल्यातली होती का? आणि यूपी-बिहारला नावं ठेवताना आपण लै पुढारलेले. २०१९-२१ च्या सरकारी आरोग्य पाहणीत वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्या केरळात शंभरात सहा निघाल्या, आपल्या महाराष्ट्रात बावीसच्या आसपास. सतराव्या वर्षी पोरीला हळद लागते तेव्हा हेच लोक पंगतीत पहिल्या रांगेला. तिथं नाही कुणाचा मोबाईल निघत.

सल्ला वगैरे राहू दे आता. काका, तुम्ही अंधारात खिडकीमागं उभं राहून शेजारच्या पोरीचा फोटो काढलाय, लाज वाटू द्या. गेटवरचा दिवा सहा महिने बंद आहे, त्याचा फोटो टाका की ग्रुपवर.