भाव फुटला, आवाज फुटेना

आमच्या कोल्हापूरच्या पेठेत हळू बोलणाऱ्या माणसाबद्दल दोनच शंका घेतात. एक तर हा उसने पैसे मागायला आलाय, नाहीतर ह्याच्या घरात कुणीतरी गेलंय. तिसरं कारण कुणाला सुचत नाही, हे मी पाच दिवस भोगलंय.

मी मार्केट यार्डात गुळाच्या आडत दुकानात दिवाणजी आहे. रव्यांच्या, म्हणजे गुळाच्या ढेपांच्या, थप्पीसमोर उभं राहून हमालांच्या आरोळ्यांवर आणि ट्रकच्या हॉर्नवर चढ्या आवाजात भाव पुकारायचा, हे माझं काम. दिवाळी पाडव्याला मुहूर्ताचा सौदा निघाला की पुढं काही महिने घशाला सुट्टी नाही. त्यातून जो आवाज उरतो तो मी शाहू स्टेडियमवर आमच्या तालमीच्या फुटबॉल टीमसाठी घालवतो. त्या दिवशी मॅच टायब्रेकरपर्यंत गेली. जिंकलो. दुसऱ्या दिवशी सौद्याला मी ‘चार हजार’ म्हणालो आणि पुढचं ‘दोनशे’ घशातच राहिलं. समोरच्या शेठनं लगेच चार हजाराला माल उचलायची तयारी दाखवली. मालकांनी माझ्याकडं ज्या नजरेनं पाहिलं, त्या नजरेचा भाव काही मी पुकारू शकत नाही.

मग सुरू झाले उपचार. आईनं हळद-दूध दिलं, तेही गंगावेशीच्या कट्ट्यावरून समोर पिळून आणलेलं. हमालांनी लवंग दिली. एकानं तंबाखूची चिमूटही पुढं केली, ‘घसा साफ हुतोय’ म्हणून. मेव्हणा म्हणाला, ‘भावा, तांबडा रस्सा वड, सगळं सुटतंय.’ ओढला. नाक सुटलं, डोळे सुटले, आवाज होता तिथंच. अशा रीतीनं तीन आठवडे गेले आणि बायकोनं मला कानानं नव्हे, पण जवळपास तसंच धरून डॉक्टरांकडं नेलं.

डॉक्टरांनी माझी जीभ कापडात पकडून बाहेर ओढली, तोंडात दुर्बीण घातली आणि म्हणाले, ‘ईऽऽ म्हणा.’ जीभ दुसऱ्याच्या मुठीत असताना ‘ई’ म्हणून बघा एकदा. पडद्यावर दोन पट्ट्या दिसल्या, हेच स्वरतंतू म्हणे. पांढऱ्याशुभ्र हव्यात, पण माझ्या होत्या मिरजेच्या गाडीत उभ्यानं प्रवास केल्यासारख्या लाल आणि सुजलेल्या. मध्यावर दोन्हीकडं एकेक बारीक उंचवटा.

‘हमालाच्या खांद्याला घट्टा पडतो ना, तसंच हे. आत्ता कुठं सुरुवात आहे,’ डॉक्टर म्हणाले. ‘बोलताना पुरुषाचे स्वरतंतू सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा एकमेकांवर आदळतात. बायकांचे दोनशेच्या आसपास.’

‘बघा,’ बायको म्हणाली, ‘तिथंबी आम्हालाच दुप्पट काम.’

मी हळद-लवंगेचा हिशेब लिहून दाखवला. डॉक्टर हसले. आपण गिळतो ते स्वरतंतूंवरून जातच नाही म्हणे. गेलं तर ठसका लागतो. म्हणजे तीन आठवड्यांचा माझा सगळा माल शेजारच्याच गोदामात उतरत होता! पाणी मात्र दिवसभर घोटघोट प्यायचं, ते अंगात मुरून मग तिथं ओलावा पोचतो. साध्या पाण्याची वाफ घ्यायची. तंबाखूचं नावही नको. आणि आवाज तीन-चार आठवडे बसलेला असेल तर घरगुती औषधं बाजूला ठेवून आधी दुर्बिणीनं बघून घ्यायचं. कधीकधी दुखणं घट्ट्यापेक्षा मोठं निघतं. हे सांगताना ते हसत नव्हते.

शिक्षा अशी: पाच दिवस मौन, मग स्पीच थेरपिस्टकडं बोलायची शिकवणी. रात्रीचं जेवण झोपण्याआधी तीन तास. आपण आडवं झालो की पोटातलं आम्ल घशापर्यंत चढतं म्हणे. आमच्याकडं पांढरा रस्सा उकळायलाच दहा वाजतात, हे त्यांना कसं सांगणार? मौन होतं.

पहिल्या दिवशी मी कुजबुजून वेळ मारून नेली. त्यात एक गंमत झाली. मी कुजबुजलो की समोरचाही कुजबुजतो. महाद्वार रोडवर भाजीवाल्या मावशी माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, ‘मेथी पंधराला.’ जणू पोलीस मागावर होते. संध्याकाळी डॉक्टरांना कळलं (बायकोचे दोनशे!) आणि फोनवर बोलणी बसली. जोर लावून कुजबुजण्यानंही घशाला ताण पडतो म्हणे.

तेही एक वेळ जमलं. पण खाकरणं बंद? आमच्या तीन पिढ्या पहाटे खाकरून उठल्या. आमच्या आजोबांनी दारात खाकरलं की सुना डोक्यावरचा पदर सारखा करायच्या. माझ्या पहाटेच्या खाकरण्यावर समोरचे काका दूध आणायला निघतात. डॉक्टरांच्या मते प्रत्येक खाकरणं म्हणजे स्वरतंतूंना एकेक मुस्काडीत. खाकरावंसं वाटलं की आवंढा गिळा, घोटभर पाणी प्या. मी पाणी प्यालो. काकांचं दूध चुकलं. ते दुपारी बघायला आले, आहे का गेला.

काका गाण्यातले दर्दी. धीर द्यायला म्हणाले, ‘अरे, अल्लादियाखाँसाहेबांचासुद्धा आवाज गेला होता. एका संस्थानिकाकडं गाऊन गाऊन. त्या बदललेल्या आवाजातनं त्यांनी नवी गायकी उभी केली. मग शाहू महाराजांनी त्यांना इथं ठेवून घेतलं.’ मी पाटीवर लिहिलं, ‘मला चार हजार दोनशे म्हणता आलं तरी पुरे.’

सहाव्या दिवशी ते म्हणता आलं. मालकांनी छोटा माईकही घेऊन दिला. गुळाच्या काळजीनं, माझ्या नव्हे. थेरपिस्टबाईंनी छातीतून ओरडू नका, पोटातून श्वास घ्या, असं शिकवलं. सगळं नीट चाललं होतं, आणि रविवारी पुन्हा मॅच आली.

मी गेलो, पण तोंडाला रुमाल बांधून. गोल झाला, टाळ्या वाजवल्या. गोल खाल्ला, कपाळावर हात मारला. नव्वद मिनिटं तोंडातून अक्षर काढलं नाही. दोन-एकनं हरलो.

‘दिवाणजी वरडलं न्हाईत, म्हणून हारलो,’ असा तालमीच्या कट्ट्यावर रात्री एकमतानं ठराव झाला. बचाव करायला मला मनाई होती. पुढच्या मॅचला पोरांनी स्टेडियमच्या दारातच माझ्या हातात हलगी दिली. ‘वरडू नगा, वाजवा.’

आवाज आता खणखणीत आहे. उजवा खांदा तेवढा वर उचलत नाही.