पूर्ण तिकिटाचा माणूस

थीम पार्कला जायचं ठरलं की मुलं आधी राईडची नावं पाठ करतात. तुम्ही त्या नादाला लागू नका, तुम्ही कुटुंबप्रमुख आहात. गेल्या वर्षीच्या डायरीतलं एक कोरं पान शोधा, मधोमध उभी रेघ मारा, डावीकडे ‘खर्च’ लिहा आणि उजवीकडे ‘वसूल’. दोन्ही बाजू जुळल्याशिवाय घराबाहेर पाऊल टाकायचं नाही. आमच्याकडे सहल या टप्प्यावर तीन वर्षं अडली होती. त्या तीन वर्षांत पार्कावर एक रुपयाही खर्च झाला नाही, ही पहिली बचत. ती उजवीकडे लिहून टाका.

थांबण्याचे फायदे सरकारही देतं. जुलै 2017 मध्ये जीएसटी आला तेव्हा पाळण्यात बसण्यावर 28 टक्के कर होता. म्हणजे पाळणा थेट सिगारेट आणि आलिशान मोटारींच्या पंगतीला. जानेवारी 2018 मध्ये तो 18 टक्क्यांवर आला. जे त्या मधल्या दिवाळीत घाई करून गेले नाहीत, त्यांचे दहा टक्के वाचले. जे अजूनही गेलेले नाहीत त्यांचे सगळेच वाचताहेत, हे मी बायकोला आकृती काढून समजावलं. तिने आकृतीचा कागद घडी करून डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली घातला.

मुलं सुरुवात डिस्नेलँडपासून करतील. करू द्या, बोलायला पैसे पडत नाहीत. कॅलिफोर्नियाचं 1955 पासून उघडं आहे, टोकियोचं 1983 पासून, हाँगकाँगचं 2005 पासून. इतकी वर्षं जे जागचं हललं नाही ते आणखी थोडी वर्षं थांबेल, एवढं सांगून विषय खाली आणा. हाँगकाँगवरून थेट खोपोलीजवळच्या इमॅजिका पार्कावर उतरायचं. मध्ये कुठे थांबलात तर हैदराबाद किंवा कोचीच्या पार्कांत अडकाल आणि रेल्वेच्या तिकिटांवर चर्चा सुरू होईल.

आपल्या बालपणाचा उल्लेख याच वेळी करावा. आमच्या वेळी गोराईला एस्सेलवर्ल्ड निघालं, 1989 साली. मार्वेच्या धक्क्यावरून बोटीने खाडी ओलांडून जायचं. शाळेची सहल गेली तेव्हा वडिलांनी सहलीच्या वर्गणीतून मला पोस्टाचं पासबुक काढून दिलं. वर्गातली पोरं सोमवारी उन्हाने लाल झालेली नाकं घेऊन आली आणि आठवडाभर बोटीबद्दल बोलत होती. माझ्याकडे पासबुक होतं. ते अजूनही आहे, त्यावर व्याजही चढलंय. हे ऐकलं की आमची मुलं गप्प होतात. आदराने, असं मी धरून चालतो.

आता प्रवास. स्वतःच्या गाडीने जाणारे लोक टोल भरतात, पेट्रोल भरतात, पार्किंग भरतात आणि फूड मॉलवर वडापावाकडे पाहत उभे राहतात. तुम्ही एसटीने जा, आणि माणसं निवडून न्या. 26 ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरी पूर्ण केलेल्यांना एसटीत मोफत प्रवास आहे, तेव्हा आईला घेतलंच पाहिजे. 17 मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, तेव्हा बायको आणि चौदा वर्षांची कन्या आली. चिरंजीव नऊ वर्षांचे, त्यांचं अर्धं पूर्वापार आहेच. एक शून्य, तीन अर्धी आणि एक पूर्ण: पाच माणसं अडीच तिकिटांत. कंडक्टरने सगळे कागद तपासले, यंत्राची बटणं दाबली आणि म्हणाला, “म्हणजे पूर्ण तुम्ही एकटेच.” शून्य रुपयांचं ते तिकीट आईने घरी आल्यावर देवघरात ठेवलंय.

आईला पार्क पटवून देणं सोपं नसतं. ‘पाळण्यात बसायला एवढे पैसे?’ या प्रश्नाला जगात उत्तर नाही. पण रायगड जिल्ह्याने आपल्यासारख्यांची सोय करून ठेवली आहे. अष्टविनायकांतले दोन याच जिल्ह्यात: खोपोलीजवळ महडचा वरदविनायक आणि पुढे पालीचा बल्लाळेश्वर. आणि 2013 साली निघालेलं इमॅजिका कुठे, तर खोपोलीहून पालीला जाणाऱ्या रस्त्यावर. म्हणजे तुम्ही पार्कला जातच नाही, तुम्ही देवदर्शनाला जाता आणि वाटेत पार्क लागतं. खर्चाच्या रकान्यातला प्रवास कापून ‘धर्मकार्य’ या मथळ्याखाली घाला. डावी बाजू एकदम हलकी होते.

सकाळी सातला महडला पोचलो. तिथला नंदादीप 1892 पासून तेवतोय असं सांगतात. सगळ्यांनी हात जोडले. मी जोडल्या हातांनी तेलाचा हिशेब केला आणि तो न जुळल्यामुळे शेवटी भक्तिभावाने नमस्कार केला.

एक सावधगिरी मात्र घ्या. पालीच्या रस्त्याला लागल्यावर आजीला नातवाच्या शेजारी बसवू नका. आमच्याकडे ती चूक झाली. आईने त्याला बल्लाळाची गोष्ट सांगायला घेतली. कल्याण नावाचा वाणी, त्याचा मुलगा बल्लाळ. तो गावातली पोरं जमवून रानात जायचा, धोंड्यालाच गणपती मानून पूजा मांडायचा, आणि पोरं खेळात इतकी रमायची की घरी जेवायला येणंच विसरायची. गावकऱ्यांनी तक्रार केली तसा बाप काठी घेऊन रानात गेला, पूजा उधळली, मुलाला बडवून झाडाला बांधलं. मग गणपती प्रसन्न झाला, वगैरे. चिरंजीवांनी गणपतीबद्दल काही विचारलं नाही. त्याने विचारलं, “तो बाबा काय करायचा?” आई म्हणाली, “व्यापारी होता रे. हिशेब ठेवायचा.” यानंतर तिघीही खिडकीबाहेर पाहू लागल्या. बाहेर पाहण्यासारखं काही नव्हतं.

तिकिटाच्या खिडकीशी तुमची खरी परीक्षा असते. अनेक पार्कांत मुलाचं तिकीट वयावर नसतं, उंचीवर असतं. भिंतीवर पट्टी रंगवलेली असते. पट्टीखाली डोकं गेलं तर स्वस्त, वर आलं तर मोठ्यांचं तिकीट. आणि आत गेल्यावर प्रत्येक मोठ्या राईडच्या तोंडाशी दुसरी पट्टी उभी असते, तिथे डोकं वर आलं नाही तर राईड बंद. थोडक्यात, आपलं मूल खिडकीपाशी बुटकं हवं आणि रांगेच्या टोकाशी उंच हवं, आणि मध्ये चालायचं अंतर असतं पाच मिनिटांचं. आदल्या दिवशी केस बारीक कापून घ्या, खिडकीशी सपाट स्लीपर घाला आणि जाड तळव्याचे बूट पिशवीत ठेवा. मान जराशी खाली घालायचा सराव आठवडाभर घरी करवून घ्या. आमच्या चिरंजीवांनी तो मन लावून केला होता. ऐन वेळी पट्टीशी उभं केलं तर त्याने छाती काढून, टाचा जुळवून, शाळेच्या प्रार्थनेत उभा राहतो तसा उभा राहून दाखवला. चार बोटं वर. मुलगा वाढला याचा आनंद व्हावा असं शास्त्र आहे.

तिकीट माणशी चार आकडी असतं, ते खाली आणण्याचे मार्ग मी थोडक्यात सांगतो. शनिवार-रविवार टाळा, मुलांची शाळा बुडाली तरी चालेल, शाळेची फी तशीही भरलेलीच आहे. काही ठिकाणी वाढदिवसाला सवलत मिळते, काही ठिकाणी हॉल तिकिटावर. म्हणून नात्यातल्या प्रत्येक दहावी-बारावीवाल्याचं हॉल तिकीट जपून ठेवायला सांगा. निकाल काही का लागेना, ते कागद वाया जाऊ देऊ नका.

जेवणाकडे मात्र नीट लक्ष द्या, कारण इथेच घरं बुडतात. बाहेरचे खाद्यपदार्थ आत न्यायला बहुतेक पार्कांत बंदी असते आणि फाटकाशी पिशव्या उघडून पाहतात. यावर भाबडी माणसं आत विकत घेऊन खातात. व्यवहारी माणसं फाटकाबाहेर खातात. सकाळी दहाला पार्किंगच्या कडेला चादर अंथरायची, दशम्या, लसणाची चटणी, बटाट्याची सुकी भाजी, दहीभात, वर दोन-दोन लाडू, आणि पोट तुडुंब भरल्यावर थेट उलटंपालटं करणाऱ्या राईडमध्ये बसायचं. दहीभात कधी द्यायचा आणि रोलर कोस्टर कधी, या क्रमाचा जरा पुनर्विचार करावा, एवढंच मी अनुभवाने सांगेन. चिरंजीवांच्या पुढच्या रांगेत बसलेल्या गृहस्थांनी समजूतदारपणा दाखवला. त्यांच्या शर्टाच्या धुलाईचे पैसे मी देऊ केले, ते त्यांनी घेतले नाहीत. उजवीकडे लिहिले.

दुसरी युक्ती मेहुणीची. तान्ह्या बाळाचं खाणं आत न्यायला सहसा हरकत नसते. म्हणून घरात बाळ नसेल तर एक दिवसापुरतं कुणाचं तरी मिळवा, आईसकट. आम्ही मेहुणीला गळ घातली. ती पनवेलहून आली. बाळाची ऐसपैस पिशवी आम्हीच भरली होती. फाटकावरच्या बाईंनी ती उघडली आणि एकेक वस्तू टेबलावर मांडत गेल्या: दुधाची बाटली, लंगोट, नाचणीचं सत्त्व, अर्धा किलो बाकरवडी. बाईंनी बाळाकडे पाहिलं. बाळ आठ महिन्यांचं. बाळ हसलं, त्याला खालचे दोन दात होते. “दात यायला लागलेत,” मी म्हणालो. बाईंनी बाकरवडी बाजूला ठेवली आणि जाताना घेऊन जा म्हणाल्या. मेहुणी त्यानंतर माझ्याशी बोललेली नाही. बाळ बोलत नव्हतंच. तिच्या तिकिटाचे पैसे कोणी द्यायचे हा प्रश्न आधी सोडवायला हवा होता.

आत शिरल्यावर हिशेब मिनिटावर आणा. समजा तिकीट 1500 रुपयांचं पडलं, दिवसात दहा राईड झाल्या आणि एकेक सरासरी तीन मिनिटांची. अर्धा तास होतो. मिनिटाला 50 रुपये. हा आकडा मुलांना राईडमध्ये बसण्याआधी कानात सांगावा म्हणजे ती डोळे मिटून घेत नाहीत. डोळे मिटायला आपण घरीही मिटू शकतो. कन्येने शेवटच्या क्षणी भीती वाटते म्हणून उतरायची भाषा केली तेव्हा मी शांतपणे म्हटलं, दीडशे रुपये. ती बसली. परत आली ती रडत होती की हसत होती हे मला नीट कळलं नाही. मी वेळ लावत होतो.

रांगेची मिनिटं यात धरू नयेत. ती फुकट असतात आणि सुट्टीच्या दिवशी भरपूर मिळतात.

वॉटर पार्कबद्दल फार सांगत नाही. सुती कपडे चालत नाहीत, नायलॉनचे लागतात, नसले तर भाड्याने घ्यावे लागतात. बायकोने दादरच्या फुटपाथवरून सगळ्यांना आधीच घेतले होते. माझा कन्येच्या मापाचा निघाला. मी काठावर उभा राहून सामान सांभाळलं.

खरी वसुली करून दाखवली ती आईने. ज्येष्ठांच्या सवलतीत तिचं तिकीट काढलं होतं. ती सकाळी अकराला झाडाखालच्या एका बाकावर बसली आणि संध्याकाळी सातला उठली. आठ तास, 480 मिनिटं. मिनिटाला तीन रुपयेही पडले नाहीत. तिने विदूषक पाहिला, मिरवणूक पाहिली, नगरहून आलेल्या एका कुटुंबाच्या सुनेची संपूर्ण हकिगत ऐकली, बाळाला झोपवलं आणि आमच्या चपला सांभाळल्या. चहा सोडला तर सगळं छान होतं, म्हणाली. इतक्या स्वस्त राईडची कुणी जाहिरातच करत नाही.

फोटो विकत घेऊ नका. राईडच्या ऐन उतारावर कॅमेरा लावलेला असतो आणि बाहेर पडताना काउंटरवरच्या पडद्यावर आपली तोंडं झळकतात. त्या पडद्याचाच मोबाईलवर फोटो काढायचा. काउंटरवरचा मुलगा दुसरीकडे पाहील तेवढे दोन सेकंद मिळतात. आमचा जरा हलला आहे. त्यात बायको आणि दोन्ही मुलं हात वर करून तोंडं वासून ओरडताहेत. असं त्या तिघांना मी एकत्र कधी पाहिलं नव्हतं. शेजारच्या सीटवर आमची पिशवी बांधलेली दिसते, मी खाली वेळ लावत उभा होतो. बायकोने तो फोटो मोबाईलच्या पडद्यावर लावलाय. पिशवीचा भाग कापून.

रात्री एसटीत सगळे झोपले की डायरी काढा. आमची डावी बाजू दोन हजार तीनशेनं जड भरली. बाकरवडी परत घ्यायची राहिली, ते वेगळं.

यावर एक शेवटचा उपाय आहे. आत जाताना मनगटावर कागदी पट्टा बांधतात तो घरी आल्यावर कापायचा नाही. आंघोळ करताना तो हात बादलीबाहेर ठेवायचा. सोमवारी ऑफिसात अर्ध्या बाहीचा शर्ट घालून जा आणि फाइल पुढे करताना त्याच हाताने करा. कुणीतरी विचारेलच, “काय हो, कुठे जाऊन आलात?” जितके जण विचारतील तितक्यांनी बाकी रकमेला भागा. मी सध्या माणशी 766 रुपयांवर आहे. बुधवारपर्यंत कुणी विचारलं नाही तर पाण्याच्या कूलरपाशी जरा जास्त वेळ उभे राहा.