नवरात्राचे नऊ रंग शास्त्रात नाहीत

घट बसायला आठवडा उरला की नागपुरातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर यादी फिरू लागते: नऊ माळांचे नऊ रंग शास्त्राने ठरवले आहेत, त्या त्या दुर्गेला तो तो रंग प्रिय, तो नेसला नाही तर व्रत अपूर्ण. खाली तळटीप, अखंड दिवा विझला तर घरावर संकट.

आधी शास्त्राचं. सप्तशतीच्या पाठाआधी म्हणतात त्या देवीकवचात शैलपुत्रीपासून सिद्धिदात्रीपर्यंत नऊ नावं आहेत, साडीचे रंग नाहीत. जुन्या याद्याच काढून बघा. पहिली माळ शैलपुत्रीची. तिचा रंग 2023 ला नारिंगी, 2024 ला पिवळा, 2025 ला पांढरा. देवीची आवड दरवर्षी बदलते का? रंग वारावरून लावलेले असतात: रविवारी नारिंगी, सोमवारी पांढरा, गुरुवारी पिवळा. सात वार संपले की उरलेल्या दोन दिवसांना मोरपंखी, गुलाबी असं काहीतरी. 2025 ला तर तिथी वाढून नवरात्र दहा दिवसांचं झालं, मग दहाव्या दिवसाचा रंग कुठल्या शास्त्रातला? ही रंगांची टूम साधारण वीस वर्षांपूर्वी 'महाराष्ट्र टाइम्स'ने वाचकांसाठी काढली. हौसेनं एका रंगात ऑफिसला जा, फोटो काढा, छानच दिसतं.

'व्रत अपूर्ण' हे मात्र मला सहन होत नाही. त्या दोन शब्दांपायी हातात पैसा कमी असलेली बाई इतवारीच्या बाजारात उधारीवर साडी घेते. व्रत घटाचं असतं. परडीत काळी माती, तीत गहू, वर कोरा मातीचा घट. घटातून पाणी झिरपतं, तेवढ्या ओलीवर तिसऱ्या-चौथ्या माळेला कोंब वर येतात आणि देवघरात ऊन नसल्यानं पिवळे, लांबसडक वाढतात. रोज एक माळ, अष्टमीला होम, दसऱ्याला सोनं. नागपूरजवळच्या कोराडीची जगदंबा सकाळी बालिका, दुपारी तरुणी, संध्याकाळी प्रौढ दिसते अशी श्रद्धा आहे. तिच्या दर्शनाला नागपूरहून रातोरात पायी जाणाऱ्यांना कुठला रंग घातला हे कुणी विचारत नाही.

राहिला दिवा. वात काजळी धरते, तेल सरतं, वारा येतो. पिढ्यान्‌पिढ्या घट बसवणाऱ्या घरांत काजळी काढायच्या आधी शेजारी एक छोटा दिवा लावून ठेवतात. मोठा विझलाच तर त्यावरून लावायचा, हात जोडायचे. कोराडीला भक्तांच्या ज्योती हजारोंनी तेवतात, त्यांनाही कुणीतरी तेल घालत राहावंच लागतं.

यादी पाठवायचीच असेल तर पाठवा, फक्त 'शास्त्र', 'अपूर्ण' आणि 'संकट' एवढे शब्द काढून.