लाल दिवा लागला म्हणून थांबू नका

शिकाऊ लायसन्स हातात आलं, गाडीला पुढे-मागे लाल एल डकवून झाला, अभिनंदन! आता आरटीओच्या कॉम्प्युटरवर जी चिन्हं ओळखून पास झालात, ती लगेच विसरायला घ्या. इंदुरात गाडी चालवायची आहे ना?

तुम्ही पाठ केलेलं असं: गोल पाटी म्हणजे हुकूम, त्रिकोण म्हणजे सावध, चौकोन म्हणजे माहिती. लाल कड्यात असेल ते करायचं नाही, निळ्या गोलात असेल ते करायचंच. परीक्षेपुरतं छान आहे. चौकात मात्र गोल पाटी म्हणजे विनंती, आणि तीही मागून येणाऱ्याला केलेली.

यू-टर्न मनाईची पाटी दिसली की समजा, दुभाजकाला फट इथेच आहे.

राजवाड्याच्या आसपासच्या बोळांत लाल तबकडीवर आडवी पांढरी पट्टी दिसेल, म्हणजे प्रवेश बंद. ती फक्त चारचाकीला. ॲक्टिव्हा तिच्या शेजारून जाते, आणि समोरून तुम्ही आलात तर बाजूला तुम्ही व्हायचं. पार्किंग मनाईच्या, लाल कड्याच्या निळ्या गोलावर एक तिरकी रेघ असते, दोन रेघांची फुली असेल तर क्षणभरसुद्धा थांबायचं नसतं. आपल्याकडे एका रेघेखाली गाडी लावतात आणि फुलीखाली गाडीत बसूनच पोहे-जलेबी मागवतात.

'हॉर्न वाजवा' असं सांगणारंही एक निळं चिन्ह आहे, घाटातल्या आंधळ्या वळणांसाठी. इंदुरात मी ते कुठे पाहिलेलं नाही. इथे कुणाला आठवण करून द्यावी लागत नाही.

उलटा त्रिकोण, लाल काठाचा, म्हणजे दुसऱ्याला आधी जाऊ द्या. आणि स्टॉपची पाटी अष्टकोनी. हे दोन आकार मुद्दाम वेगळे ठेवलेत, म्हणजे पाटी मागून दिसली किंवा रंग उडाला तरी ओळखू यावी. बिचाऱ्या तज्ज्ञांनी रंग उडण्याचा विचार केला, पण पुढच्या बाजूला भैयाजींच्या वाढदिवसाचं फ्लेक्स बांधलं जाईल हे काही त्यांच्या डोक्यात आलं नाही. हात जोडलेले भैयाजी दिसले की त्यांच्यामागे एखादा हुकूम असणार असं धरून चाला.

आता मुख्य धडा, पांढरी रेघ. सिग्नल लाल असेल तर हिच्या अलीकडे थांबायचं, असं पुस्तकात आहे. माझ्या भाच्यानं ते मनावर घेतलं. परवा गीता भवन चौकात पिवळा लागला, त्यानं आरशात पाहिलं, हळूहळू ब्रेक दाबला आणि लाल लागला तेव्हा गाडी रेघेच्या बरोब्बर अलीकडे उभी होती. मी शेजारी बसले होते, शिकाऊ माणसाजवळ पक्क्या लायसन्सचं कुणीतरी असावं लागतं म्हणून. शाबास म्हणणार, तेवढ्यात मागून धाडकन! गाडीतून एक सद्गृहस्थ उतरले. माफी? छे. "भिया, रुक क्यों गए? अभी तो निकल जाते!" वर मला, "आंटी, बच्चे को ठीक से सिखाओ." त्यांना डावीकडे वळायचं होतं म्हणे. अहो, तिथे फ्री लेफ्टची पाटी नव्हती, हिरवा बाण नव्हता, मग लाल तुम्हालाही लालच की! पण आजूबाजूचे चार जण त्यांच्याच बाजूनं. "नया लड़का है, घबरा गया होगा." घाबरला नव्हता हो! त्या अख्ख्या चौकात चिन्ह वाचता येणारा तो एकटा होता, आणि त्याच्याच पाठीत बसली. आता तो लाल दिवा दिसला की आधी आरशात बघतो आणि विचारतो, "आत्या, थांबू का?" एकोणीस वर्षांचा मुलगा लाल दिव्याला थांबायची परवानगी मागतोय! हे शिकवलंत तुम्ही त्याला.

गोल सर्कलबद्दल एवढंच, की आत असलेल्याला आधी वाट द्यायची असते. हसून घ्या.

बास झाला विनोद. मोटार वाहन कायदा १९८८ चा आहे. त्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीनं नावं घेऊन लिहिलंय: लाल दिवा तोडणं, स्टॉपची पाटी न जुमानणं, उलट्या दिशेनं गाडी घालणं, हे सगळं धोकादायक ड्रायव्हिंग. पहिल्याच वेळी एक ते पाच हजार रुपये दंड, नाहीतर सहा महिने ते वर्षभर कैद. तुम्ही त्याला 'जल्दी में था' म्हणता.

आणि कळत नाही असं मुळीच नाही. २०१७ पासून सलग सात वर्षं आपण स्वच्छतेत देशात पहिले आलो. ओला कचरा हिरव्या डब्यात, सुका निळ्यात, घरातल्या चार वर्षांच्या पोरालाही पाठ आहे. मग चौकात आल्यावरच डोळ्यांना रंग दिसेनासे कसे होतात? हायकोर्ट चौकात रेघेमागे थांबा एवढं सांगायला एका हवालदाराला उलट्या पावली नाचावं लागलं, आणि आपण काय केलं, तर त्याचा व्हिडिओ काढला. तोही चालत्या गाडीतून!

पुढच्या गाडीवर एल दिसला की तुमचा हात आधी हॉर्नवर जातो. का? तुम्ही काय आईच्या पोटातून क्लच-ब्रेक शिकून आला होतात? अंतर ठेवा. रेघ त्याला दिसते, त्याला ढकलून तिच्या पुढे नेऊ नका. आणि हिरवा लागल्यावर त्याची गाडी बंद पडली, तर किल्ली फिरवून पुन्हा चालू करायला पाच सेकंद लागतात. तेवढे द्या त्याला.