मामा, तो मेसेज डॉक्टरनं लिहिलेला नाही

कोरोनाची बातमी टीव्हीवर पुन्हा दिसायला लागली की एक मेसेज हमखास उगवतो. ‘२०२० च्या दारूबंदीने काय शिकवलं? – एक एम.डी. डॉक्टर.’ डॉक्टरचं नाव नाही, गाव नाही, दवाखाना नाही. सात मुद्दे, शेवटी हात जोडलेले आणि ‘किमान दहा जणांना पाठवा’. इतकी वर्षं मी तो अंगठ्यानं वर सरकवत आलेय. या वेळी आमच्या भाऊजींनी तो फॅमिली ग्रुपवर टाकला आणि रात्री साडेनऊला मामांचा फोन आला.

“काय वं पोरी, हे घशाचं खरं होय काय? डॉक्टरनंच लिवलं म्हन्ते.”

मामांनी मार्च २०२० पासून थेंब घेतलेला नाही. त्याआधी एकवीस वर्षं रोजचे दोन पव्वे. त्यांनी हा प्रश्न विचारला, आणि माझी झोप उडाली. म्हणून हे लिहितेय. मी डॉक्टर नाही. यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावाला माझं मेडिकल आहे, बी.फार्म. झालेलं आहे, आणि लॉकडाऊनची दोन्ही वर्षं मी काउंटरच्या मागे उभी होते.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: साथीच्या काळात दारूची दुकानं बंद करणं हा मूर्खपणा होता, तो पुन्हा कधी करू नये. कारणं काय, तर दारू विषाणू मारते, बंदीनं माणसं मेली, लोक विषारी दारू प्यायले, सरकार कंगाल झालं, जगात कुठेच फायदा झाला नाही, दुकानं उघडल्यावर दुप्पट गर्दी झाली, आणि पिणं हा मूलभूत हक्क आहे. क्रमानं जाणार नाही. मामांनी विचारलेला घसा आधी.

‘सॅनिटायझरमध्ये ७० टक्के अल्कोहोल, व्हिस्कीत ४२.८ टक्के. दोन पेग घशातून गेले की विषाणू घशातच मरतो. दारू बंद करणं म्हणजे औषध बंद करणं.’

यातलं ४२.८ खरं आहे, बाटलीवर छापलेलं असतं. तिथून पुढे सगळा आनंद.

हातावरचा विषाणू मारायला साठ टक्क्यांच्या वरचं अल्कोहोल लागतं आणि ते वीसेक सेकंद चोळावं लागतं. व्हिस्की मुळातच त्याच्या खाली. वर तुम्ही तीस मिलीत नव्वद मिली पाणी घालता, म्हणजे ग्लासात उरलं दहा-अकरा टक्के. ते घशात वीस सेकंद थांबत नाही, एका घोटात पोटात जातं. आणि विषाणू काही घशावर बुरशीसारखा वरवर बसलेला नसतो, तो पेशींच्या आत शिरलेला असतो, फुप्फुसात उतरलेला असतो.

मग रक्तातून जाऊन मारेल म्हणाल, तर तेही बघू. शंभर मिली रक्तात तीस मिलिग्रॅम अल्कोहोल सापडलं की गाडी चालवणाऱ्यावर केस होते. म्हणजे ०.०३ टक्के. ०.४ टक्क्यांच्या आसपास माणूस बेशुद्ध पडून श्वास थांबायची वेळ येते. विषाणूला हवे साठ. हिशेब दहावीच्या पोरालाही जमेल: पिणारा विषाणूच्या किती आधी जातो ते काढा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप कार्यालयानं एप्रिल २०२० मध्येच स्वच्छ सांगितलं होतं की दारूनं कोविडपासून संरक्षण मिळत नाही, उलट जास्त पिण्यानं प्रतिकारशक्ती खालावते आणि फुप्फुसं निकामी होण्याचा धोका वाढतो. म्हणून लॉकडाऊनमध्ये दारूच्या उपलब्धतेवर मर्यादा आणा, असंही. पण त्याखाली हात जोडलेले नव्हते, ते कोण फॉरवर्ड करणार!

हसून सोडून दिलं असतं, पण एप्रिल २०२१ आठवतो. दुसरी लाट, दुकानं बंद, मेडिकल चालू. एक माणूस सकाळी यायचा, शंभर मिली सॅनिटायझर न्यायचा. दुपारी परत. संध्याकाळी परत. पैसे मोजताना नाणी काउंटरवर सांडायची, इतके हात थरथरत. तिसऱ्या दिवशी त्यानं माझ्यासमोरच झाकण उघडून वास घेतला आणि म्हणाला, “हे जेलवालं नको, पान्यासारखं द्या.” मी विचारलं, घरी इतकं लागतं कशाला? म्हणाला, मानसं लय आहेत. त्याचे तळहात मात्र मातीनं काळे होते. मी द्यायचं बंद केलं. तो पुढच्या दुकानात गेला असणार, मला काय माहीत नाही का.

त्याच महिन्यात आमच्याच जिल्ह्यात, वणीला, सॅनिटायझर प्यायल्यानं सात जण गेले. सगळी हातावर पोट असलेली माणसं. त्याच्या आदल्या वर्षी आंध्रात प्रकाशम जिल्ह्यात हेच झालं होतं, तिथेही दहाच्या वर गेले. सॅनिटायझर म्हणजे ‘स्ट्राँग दारू’ नव्हे. त्यात इथेनॉल, म्हणजे पिण्याच्या दारूतलं अल्कोहोल, असेलच असं नाही, आयसोप्रोपिल नावाचं दुसरं अल्कोहोल असतं, आणि भेसळीच्या मालात मिथेनॉल निघतं. मिथेनॉलचं शरीरात फॉर्मिक ॲसिड होतं. आधी डोळ्यांसमोर धुकं येतं, मग दृष्टी जाते, मग माणूस. इराणमध्ये २०२० च्या वसंतात अशीच अफवा फिरली होती की दारू प्यायल्यानं कोरोना होत नाही. तिथल्या सरकारी आकड्यानुसारच मिथेनॉलनं सातशेच्या वर लोक मेले. त्यांच्याकडेही हा मेसेज कुणीतरी भाऊजींनीच टाकला असेल.

‘बंदीमुळे लोक विषारी दारू प्यायले.’

गंमत बघा. वरच्या मुद्द्यात सॅनिटायझर आणि व्हिस्की सख्खे भाऊ, आणि लगेच खाली वणीच्या सात जणांसाठी अश्रू. एकाच मेसेजमध्ये. त्यांना ‘दोन्ही एकच’ हे शिकवलं कुणी?

दुकानं बंद होती म्हणून काही जण त्या बाटलीकडे वळले हे मी नाकारत नाही, मीच पाहिलंय. पण विषारी दारूला बंदी लागत नाही. २०२० च्या जुलै-ऑगस्टमध्ये पंजाबात तरनतारन, अमृतसर, गुरदासपूर भागात शंभरावर माणसं गेली, तेव्हा तिथली दुकानं उघडी होती. जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणी भागात शंभरावर गेले. तेव्हा ना साथ ना लॉकडाऊन, मुंबईत गल्लोगल्ली बार. माणूस हातभट्टीकडे जातो ती स्वस्त असते म्हणून.

‘बंदीनं हजारो तळीराम तडफडून मेले. दारू अत्यावश्यक सेवा आहे.’

‘हजारो’ कुठून आले ते त्या एम.डी.लाच माहीत. पण या मुद्द्यात खरं आहे, आणि ते मला भाऊजींपेक्षा जास्त चांगलं माहीत आहे.

मामांचा साठा २७ मार्चला संपला. दुसऱ्या दिवशी हात थरथरायला लागले, घाम, उलट्या. तिसऱ्या रात्री ते गादी झटकत बसले. मामी म्हणाली काय झालं, तर म्हणे मुंग्या. एकही मुंगी नव्हती. मग मामीला ओळखेनात, मग फिट आली. मामेभावानं त्यांना मोटरसायकलवर मध्ये बसवलं, मागून शेजाऱ्यानं धरलं, नाक्यावर पोलिसांनी थांबवलं, बघितलं आणि सोडलं. दवाखान्यात सलाइन, इंजेक्शनं, पाच दिवस. आणखी सहा तास घरी ठेवले असते तर मी आज वेगळं काही लिहीत असते.

रोजची भरपूर दारू एकदम तुटली की हे होतं. पहिल्या दिवसात थरथर, दोन दिवसांच्या आत फिट येऊ शकते, दोन ते चार दिवसांत भ्रम. बंगळुरूत निमहान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेच्या डॉक्टरांनी नोंदी काढल्या, तर लॉकडाऊननंतर अशा गंभीर रुग्णांचं प्रमाण दिवसाला चारावरून आठावर गेलं होतं. केरळात मार्च अखेरीस आत्महत्या झाल्या. सरकारनं ३० मार्चला फर्मान काढलं की डॉक्टरांनी चिठ्ठी लिहावी, उत्पादन शुल्क खातं दारूचा पास देईल. डॉक्टरांच्या संघटना खवळल्या, आम्ही दारू लिहून देणार नाही म्हणाल्या, आणि २ एप्रिलला उच्च न्यायालयानं स्थगिती दिली.

का खवळल्या? कारण यावर इलाज क्वार्टर नाही. इलाज आहे डायझेपाम, लोराझेपाम जातीची औषधं आणि थायमिनचं इंजेक्शन, डॉक्टरच्या देखरेखीखाली. (चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत, मला फोन करू नका.) चार तासांच्या सूचनेवर देश बंद करताना प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात ही औषधं आहेत का, आशाताईंना ही लक्षणं सांगितली आहेत का, हे बघायला हवं होतं. आमच्याकडे तरी कुणी सांगायला आलं नाही. चूक तिथे झाली. त्या चुकीचं खापर दुकानाच्या शटरवर फोडून वर ‘दारू अत्यावश्यक’ म्हणणं म्हणजे पूल कोसळला म्हणून नदीतूनच गाडी घाला असं सांगणं आहे. आणि ज्या मामांच्या नावानं हा मेसेज रडतो, ते मामा जिवंत आहेत आणि पीत नाहीत.

‘जगात कुठेही अशा बंदीचा काडीचा फायदा झाला नाही.’

दक्षिण आफ्रिका. तिथं जे झालं ते प्रयोग म्हणून ठरवून करतो म्हटलं असतं तर कुणी करू दिलं नसतं. २७ मार्च २०२० ला दारूविक्री बंद. १ जूनला उघडली. अपघात आणि मारामारीतल्या जखमींनी दवाखाने भरायला लागले, तशी १२ जुलैला राष्ट्राध्यक्ष रामाफोसांनी पुन्हा बंद केली. ऑगस्टमध्ये उघडली, डिसेंबर अखेरीस परत बंद, फेब्रुवारीत उघडली, २०२१ च्या जून अखेरीस चौथ्यांदा बंद. बटण चालू-बंद केल्यासारखं. तिथल्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या आणि केप टाऊन विद्यापीठाच्या संशोधकांनी दर आठवड्याचे अनैसर्गिक मृत्यू, म्हणजे खून, अपघात, आत्महत्या वगैरे, या तारखांशी लावून पाहिले. विक्री पूर्ण बंद असताना मृत्यू लक्षणीय घटले, मग संचारबंदी रात्रीचे चार तास असो की जास्त. आणि दारू खुली किंवा अर्धवट खुली असताना नुसत्या थोड्या तासांच्या संचारबंदीनं काही फरक पडला नाही. म्हणजे ‘लोक घरात होते म्हणून अपघात कमी झाले’ ही पळवाटही बऱ्यापैकी बंद.

हे साथीत का महत्त्वाचं? कारण डोकं फुटलेल्यालाही तीच खाट लागते, तोच ऑक्सिजन, तीच रात्रपाळीची सिस्टर. ती मोकळी ठेवणं हा बंदीचा हेतू होता. कुणाला सुधारणं हा नव्हताच.

तिथंही सगळं गोड नव्हतं. दुकानं फोडली गेली, चोरटी विक्री झाली, लोक घरी अननसाची दारू आंबवत बसले. आपल्याकडे असा साफ अभ्यास झाला असता तर आकडे वेगळे आले असते, कारण पिण्याच्या सवयी वेगळ्या. पण ‘जगात कुठेही’ हे धादांत खोटं आहे.

आणि साथीतली महिन्या-दोन महिन्यांची बंदी वेगळी, कायमची वेगळी. हा मेसेज दोन्हीची खिचडी करतो. शेजारच्या चंद्रपुरात १ एप्रिल २०१५ ला बंदी आली आणि मे २०२१ मध्ये, ऐन दुसऱ्या लाटेत, मंत्रिमंडळानं उठवली. त्या सहा वर्षांत आमच्या हद्दीवरून काय काय गेलं ते इकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. त्या बंदीची वकिली मी करत नाही.

उरलेले तीन पटकन. महसूल: खरा मुद्दा आहे. राज ठाकरेंनी एप्रिल २०२० मध्ये मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून वाइन शॉप उघडा म्हटलं होतं, वर्षाला पंधरा हजार कोटींचा हिशेब मांडून. राज्याच्या स्वतःच्या करातला बाराव्या-तेराव्या हिश्शाएवढा हा पैसा, थोडा नाही. पण मग ‘तिजोरीसाठी उघडा’ असं सरळ म्हणा, त्यांनी म्हटलं तसं. घशाचं नाव कशाला? गर्दी: ४ मे २०२० ला दुकानं उघडली, दिल्लीत एकानं रांगेवर फुलं उधळली, मुंबईत महापालिकेनं दोन दिवसांत परत बंद केली. हे उघडण्याच्या ढिसाळपणाबद्दल झालं. नंतर महाराष्ट्रात घरपोच सुरू झालीच की. मूलभूत हक्क: राज्यघटनेचं कलम ४७ वाचा, तिथं नेमकं उलटं लिहिलंय: सरकारनं दारूबंदीसाठी प्रयत्न करावा.

मामांना फोनवर एवढं सगळं सांगितलं नाही. घसा धरला असेल तर कोमट पाण्यात मीठ टाकून गुळण्या करा म्हटलं, आणि ग्रुपवर मी बघते. भाऊजींनी मेसेज अजून काढलेला नाही. पण सकाळी उठून पाहिलं तर त्याखाली मामांनी स्वतःच लिहिलं होतं, पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी:

‘एकवीस वर्स रोज दोन पव्वे घेतले. तरी दर पावसाळ्यात घसा बसेच.’