फुकट राउटरची किंमत

आज चौथा दिवस आहे आणि ‘फाल्यां येतां’ या आश्वासनातला उद्या अजून उगवलेला नाही. फोंड्यातील आमच्या इमारतीची इंटरनेटची एकुलती एक तार माडाला निळ्या नायलॉनच्या दोरीने बांधलेली आहे; झावळी पडून ती तुटली, हे चोवीस बिऱ्हाडांना खिडकीतून स्वच्छ दिसते, पण तिला हात लावण्याचा अधिकार एकाच माणसाला आहे आणि त्याच्याशी मी सध्या सासऱ्यांशीही कधी बोललो नसेन इतक्या अदबीने बोलतो.

हा मक्तेदार आम्हीच पोसला. सुरुवातीला इमारतीत तिघे जण तारा घेऊन आले होते. त्यांपैकी याने सहा महिने फुकट आणि वर राउटर भेट, असे जाहीर केले, तेव्हा हा खर्च तो पुढे कोणाकडून वसूल करणार, हा प्रश्न कोणालाही पडला नाही. बाकीचे दोघे वर्षभरात तारा गुंडाळून गेले आणि चारशेचे सातशे झाले. शिवाय ऑफिसातल्या फुकट जोडणीच्या मोबदल्यात सोसायटीने जिन्यातला डक्ट याला एकट्याला लिहून दिला, त्यामुळे चौथ्याला शिरायला भोकच उरले नाही.

२००२ च्या स्पर्धा कायद्यानुसार बाजारात प्रबळ असणे हा गुन्हा नाही. त्या बळावर प्रतिस्पर्ध्याला हुसकावण्यासाठी खर्चाहूनही कमी दर लावणे हा मात्र गैरवापर ठरतो. (हे मी छापील पुस्तकात वाचले, दुसरा इलाज नव्हता.) गोव्याला तर याचा जुना अनुभव आहे. १८७८ च्या करारान्वये इंग्रजांनी पोर्तुगिजांकडून इथल्या मिठाचा ताबा घेतला, कारण पलीकडच्या मुलखातला त्यांचा मिठाचा मक्ता गोव्याच्या स्वस्त मिठामुळे फुटत होता. तो करार १८९२ मध्ये तरी संपला. आमचा कधी संपतो, हे सेक्रेटरींना कागद सापडल्यावर कळेल.

याउलट पहाटे आमच्या फाटकाशी दोन पोदेर येतात. एकाचा पाव चिवट निघाला की दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम दुसऱ्याच्या भोंप्याला उतरतो आणि तिसऱ्या दिवशी पहिल्याचा पावही लुसलुशीत होतो, तोही मी एक शब्द न बोलता.

गेल्या महिन्यात नव्या कंपनीचा एक मुलगा पाचशेचा दर घेऊन आला होता. डक्ट नसेल तर गच्चीवरून तार सोडू, असेही म्हणाला. आम्ही सभा भरवली, मक्तेदारीवर तावातावाने भाषणे केली, त्यातले सर्वांत लांब माझे होते. दुसऱ्याच दिवशी आमच्या माणसाने फक्त आमच्या इमारतीपुरता दर तीनशेवर आणला, अट एवढीच की वर्षाचे पैसे आगाऊ भरायचे. नवा मुलगा परत फिरला. पावती माझ्या खिशात आहे; आणखी शंभर रुपये सूट मिळावी म्हणून पहिला नंबर मीच लावला होता.